पावलं जुळवू नका

मी हललो तर घाबरू नका. मी झुलता पूल आहे, हलणारच! दोनशे वर्षं स्कॉटलंडच्या या दरीत नदीवर लटकतोय.

मला घडवलं फर्कर लोहारानं. त्याची आई वारली तेव्हा नदीला पूर होता. गाव अलीकडे, दफनभूमी पलीकडे. पाणी ओसरेपर्यंत आईची शवपेटी पाच दिवस काठावर पडून राहिली. तिला पुरून आला तो फर्कर थेट भट्टीवर गेला. दीड वर्ष तारा ओढल्या, खांब रोवले, तेव्हा कुठे मी झालो.

पाद्री मला नावं ठेवायचे. "फर्कर, हा पूल म्हणायचा की तुझ्या बायकोची कपडे वाळत घालायची दोरी?"

"चालून तर बघा, पाद्रीबाबा. फक्त चौघं मिळून जाताना पावलं जुळवू नका. कवायत केलीत की हा उसळतो."

आल्यागेल्याला तो हेच बजावायचा. "आला बघा पुलाचा बाप!" म्हणून लोक हसायचे. मला मात्र फार बरं वाटायचं.

चाळीस वर्षांनी फर्कर गेला. तेव्हाही नदी दुथडी भरलेली, पण आता थांबायचं कारण नव्हतं. रिवाजाप्रमाणे आधी व्हिस्की फिरली. खांदा द्यायला सहा जण, सगळे जुने पलटणीतले. लोहाराला मानानं न्यायचं म्हणून डावा-उजवा, डावा-उजवा करत ते माझ्यावर चढले.

मध्यावर मी उसळायला लागलो. काही केल्या थांबता येईना. पेटी कलली. ज्यानं मला घडवलं त्यालाच मी पाण्यात टाकणार, या विचारानं माझा जीव कासावीस झाला.

बायकांनी काठावरूनच परतायचं असा रिवाज. तिथून फर्करची बायको मार्सली कडाडली, "अरे मेल्यांनो, पावलांचा ताल मोडा! जन्मभर घसा फोडून सांगत होता, आज तरी ऐका त्याचं!"

सहाही जण जागच्या जागी थबकले. मग मेंढरांसारखे वेडेवाकडे, एकेक पाऊल टाकत निघाले. मी शांत झालो. पेटी पलीकडे पोचली.

मार्सली परतली नाही. रिवाज बाजूला ठेवून ती माझ्यावर आली. मध्यावर थांबून तिनं तारेवर हात ठेवला. "घाबरलास ना रे? मीपण."

आता नदीच्या खालच्या अंगाला मोटारींचा भक्कम पूल झालाय. माझ्या तोंडाशी फाटक लावून कुलूप घातलंय, आणि लवकरच मला उतरवणार म्हणतात. उतरवा, माझी तक्रार नाही.

कारण नव्या पुलावरून अंत्ययात्रा जाते तेव्हा मी इथून बघतो. पूल तसूभर हलत नाही, तरी खांदेकरी पावलं न जुळवता चालतात. पाहुण्यांनी विचारलं तर म्हणतात, "काय माहीत? आमच्याकडे असंच नेतात."