घर कातळाला टेकलं तेव्हा

आमचे हे सुट्टी लागल्यापासून गच्चीवर उतरताहेत. पॅराशूट नीट उघडलंय, वारा पडलाय, तरी पोचत नाहीत. ते हातभर खाली आले की घर हातभर जमिनीत जातं. स्वयंपाकघराच्या खिडकीत आता माती दिसते. मी दिवा लावून पोळ्या लाटते.

हे म्हणजे सुभेदार हणमंतराव, पॅरा कमांडो. उतरायची जागा पांढऱ्या कापडानं दाखवायची असते, म्हणून दर सुट्टीला मी गच्चीवर चादर अंथरते. या खेपेला शेजारच्या शेवंताक्कानं हौसेनं दुसरी चादर आणली आणि पहिलीवर आडवी टाकली.

"फुली आहे," हे वरून म्हणाले. "फुलीवर उतरायचा हुकूम नाही."

चादरी लगेच उचलल्या, पण तोवर घर खचायला लागलं होतं.

आंबे काढायच्या झेल्यातून मी त्यांना पोळी-भाजी वर देते. खाली बघत जेवतात. काल विचारत होते, "ती उंच मुलगी कोण?"

"केतकी. तुमची."

"चांगली वाढलीय."

शेवंताक्का रोज येऊन मान वर करून बसते. "मान हाय बाई तुला. आमचा मेला रोज जेवायला घरी असतो, त्याला कोण विचारतंय?"

"मग अदलाबदल करू या," मी म्हणाले. ती घरी गेली.

तिचंही खोटं नाही. पदकं आली, दुमजली घर आलं, बँकेत गेले की खुर्ची मिळते. यांचा गुडघा गेला, डावा कान गेला. कुठे गेला ते सांगायची परवानगी नाही.

आज सुट्टीचा शेवटचा दिवस. उतरले नाहीत तर संध्याकाळी विमान त्यांना वरूनच घेऊन जाणार. पण उन्हं कलताना घर कातळाला टेकलं आणि थांबलं. गच्ची रस्त्याच्या पातळीला आली. यांचे बूट माझ्या डोक्याशी आले.

"या आता," मी म्हणाले.

"खाली पक्कं आहे का?"

"गच्ची आहे. तुम्हीच बांधलीत."

"मी पैसे पाठवले. बांधलीस तू, सुमन."

हे त्यांनी आधी कधी म्हटलं नव्हतं. तेवढ्यात विमान ऐकू आलं. पॅराशूटच्या दोऱ्या ताणल्या. मी दोन्ही बूट धरले.

"सोड. हे नियमात नाही."

"मला कुठे दिलेत नियम?"

त्यांनी गुडघे जुळवून वाकवले, उतरताना वाकवतात तसे. खाली यायचा प्रयत्न खरोखर करत होते. घाम माझ्या कपाळावर पडला. मग माझ्या टाचा उचलल्या.

केतकी जिन्यातून धावत आली आणि तिनं माझ्या कमरेला मिठी मारली.

"धरलंय, आई," ती म्हणाली. "घट्ट धरलंय."

मी खाली पाहिलं. तिच्या चपला गच्चीवर शेजारी शेजारी होत्या, रिकाम्या.