भुरी शहात्तर वर्षांची

भुरी मांजरीनं तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही, तेव्हा सिंधूताईंनी तिला मांडीवर घेऊन तिचा जबडा उघडून पाहिला. डावीकडची हिरडी सुजून लाल झाली होती आणि घाण वास येत होता.

सिंधूताई सदुसष्ट वर्षांच्या. जानेफळात तीस वर्षं त्या अंगणवाडी सेविका होत्या. आता विहाराच्या मागच्या घरात मुलगा देवानंद आणि सून सारिका यांच्याबरोबर राहत होत्या. भुरी अंगणवाडीतच जन्मली, तांदळाच्या पोत्यांमागे. तिची आई ट्रॅक्टरखाली गेली, मग सिंधूताईंनी कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून तिला वाढवलं. तिला पंधरा वर्षं झाली, हे त्यांना बोटं न मोजता सांगता येत होतं.

सकाळी त्या तिला गावातल्या ढोरांच्या दवाखान्यात नेऊन आल्या होत्या. तिथल्या डॉक्टरनं दुरूनच पाहिलं. "वय झालं तिचं, ताई. दोन-चार दिवस काढते आता. उगा हाल करू नका."

रात्री जेवताना सारिकानं मोबाइलवर शोधलं. "आत्या, हे पाहा. मांजराचं पह्यलं वर्ष म्हंजे मानसाचे पंधरा. दोन वर्षाचं झालं की चोवीस. मंग दरसाल चार-चार धरायचे." तिनं हिशोब लावला. "शहात्तर झाले भुरीचे."

"म्हंजे माह्यापेक्षा नऊ वर्षांनं मोठी," सिंधूताई म्हणाल्या.

"मंग झालं तर," देवानंद भाकरी मोडत म्हणाला. "शहात्तर का कमी झाले? राहू दे आई. वय झालं का असंच असते. तू बी आता..."

पुढचं त्यानं गिळलं, पण ते सिंधूताईंना ऐकू आलंच. वर्षभर त्या तेच ऐकत होत्या. मेहकरला बचत गटाच्या बैठकीला निघाल्या की, 'येवढ्या वयात काऊन फिरून राह्यली?' शेतात गेल्या की, 'घरी बस ना.' मुलगा वाईट नव्हता. काळजीनंच बोलायचा. पण त्या काळजीनं एकेक दार लावून घेतलं होतं, आणि सिंधूताई गप्प राहिल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी त्या सकाळी उठल्या, झाकणाच्या टोपलीत जुनं लुगडं अंथरलं, भुरीला आत ठेवलं आणि वरून सुतळी बांधली.

"सारिका, मी बुलडाण्याले जाऊन राह्यली."

सारिका चुलीपाशी होती. तिनं सासूकडं पाहिलं, मग आत जाऊन एका चिठ्ठीवर पत्ता लिहून आणला. "तिथं एक मॅडम हायेत. कुत्र्या-मांजराचंच पाह्यतात. ह्यांले मी सांगीन, पन तुमी मेहकर सोडल्यावर."

मेहकरच्या गाडीत कंडक्टरनं टोपलीतला आवाज ऐकला.

"मावशी, काय हाय त्याच्यात?"

"मांजर."

"मंग त्याचं बी तिकीट लागन."

"कायचं तिकीट?" सिंधूताई शांतपणे म्हणाल्या. "पंच्याहत्तरीच्या वर म्हाताऱ्याइले एसटी फुकट हाय ना? इचे शहात्तर झाले."

मागच्या सीटवर त्यांच्याच गल्लीतले कचरूभाऊ बसले होते. ते हसून हसून खोकायला लागले. कंडक्टर तरुण होता. त्यालाही हसू आवरेना. "आधार कार्ड दाखवा मंग तिचं."

"ते नाही. पन तिचा जन्म माह्या रजिस्टरात हाय. सरकारी रजिस्टर."

हे खोटं नव्हतं. त्या दिवशीच्या पानाच्या समासात त्यांनी खरंच लिहिलं होतं : धान्याच्या खोलीत मांजर व्याली. कंडक्टरनं सिंधूताईंचं तेवढं तिकीट फाडलं आणि टोपली पायाशी ओढून घ्यायला सांगितलं.

बुलडाण्याला पोचेपर्यंत अकरा वाजले. डॉक्टर हिमानी तिशीच्या होत्या. त्यांनी भुरीला टेबलावर घेतलं, तोंड पाहिलं, रक्त काढलं. मग खुर्ची ओढून सिंधूताईंसमोर बसल्या.

"दोन दात सडलेत. काढले तर ती खाईल. पण भूल द्यावी लागेल, आणि मूत्रपिंड थोडं कमजोर आहे. या वयाच्या बाईला भूल देताना जी भीती असते, तीच इथे आहे. मी हमी देऊ शकत नाही."

"नाही काढले तं?"

"उपाशी जाईल."

सिंधूताईंनी पदर सावरला. "मॅडम, अंगनवाडीत भिंतीवर एक तक्ता राह्ये. वय इकडं, वजन तिकडं. लाल पट्ट्यात ठिपका पडला का लोकं म्हनत, हे लेकरू काही जगत नाही. मी त्याइच्या घरी जाऊन बसो, घास-घास चारो. त्यातली तीन आता कालेजात हायेत. तक्ता वय सांगते. मरायची तारीख नाही सांगत. तुमी काढा दात."

हे त्यांनी ठणकावून सांगितलं. पण भुरीला आत नेलं आणि दार लागलं. बाकावर बसल्या बसल्या त्यांना एक विचार छळू लागला. आपण हे तिच्यासाठी केलं, की देवानंदला दाखवायला? राग आपला आणि सुई तिला, असं तर नाही झालं? त्या कितीतरी वेळ त्या प्रश्नाशी बसून राहिल्या. शेवटी त्यांना एवढंच कळलं की राग खरा होता आणि भुरीची भूकही खरी होती. त्यात कमीजास्त काय, हे त्यांना ठरवता येईना.

दोन तासांनी डॉक्टर बाहेर आल्या. "उठतेय. शिव्या देतेय आम्हाला."

औषधं घेऊन त्या घरी पोचल्या तेव्हा देवानंद दारातच उभा होता.

"आई, न सांगता गेली. रस्त्यात काही झालं असतं तं?"

"झालं असतं तं झालं असतं," सिंधूताई टोपली खाली ठेवत म्हणाल्या. "देवा, मी म्हातारी हाय. तुह्या सांगन्यानं झाली नाही, माही मी झाली. पन म्हातारं होनं म्हंजे परवानगी मांगत फिरनं नोहे. सोमवारी मेहकरले बैठक हाय. मी जाईन."

देवानंदनं सारिकाकडं पाहिलं. ती भात कालवत होती, तिनं मान वर केली नाही. मग खाली बसून त्यानं सुतळी सोडली.

भुरी डुलत डुलत बाहेर आली. सारिकानं पुढं केलेला दूधभात तिनं हुंगला, आणि चार दिवसांनी पहिल्यांदा चाटायला लागली. देवानंदनं हळूच तिच्या गालाला हात लावला, सूज पाहायला. तिनं खाणं न थांबवता मान वळवली आणि उजवीकडच्या दातांनी त्याचं बोट कचकन धरलं.

"सोड ना बे," तो म्हणाला, पण हात मागं घेतला नाही.