थोरले आत बसले आहेत

इमारत बांधायला दोन वर्षं लागतात आणि कंप्युटरला तेवढं थांबायची सवय नाही, एवढ्या एका गोष्टीवर थोरल्यांचा कारखाना उभा होता. जगाचे फोटो, पगार, प्रेमपत्रं आणि भांडणं साठवणारी यंत्रं कुठेतरी ठेवावी लागतात. त्यांना वीज लागते, गारवा लागतो आणि धूळ अजिबात चालत नाही. थोरले त्यांच्यासाठी लोखंडी खोल्या बनवत. वायरी, थंडाव्याची यंत्रं, कुलूप, सगळं कारखान्यातच बसवून खोली ट्रेलरवर चढवायची, गिऱ्हाइकाच्या मोकळ्या जागेत उतरवायची, वीज जोडायची, झालं. जागा कमी पडली की शेजारी आणखी एक खोली. माहितीपत्रकात हिला 'मॉड्यूलर डेटा सेंटर' म्हणत. कारखान्यात म्हणत डबा.

रस्त्याच्या या बाजूला थोरल्यांचा कारखाना आणि त्या बाजूला त्यांच्या जावयाचा. जावई म्हणजे आता माजी. कामगार त्याला 'माजी' असंच म्हणत आणि त्याला त्याचं काही वाटत नसे, निदान चारचौघांत.

तो माजी झाला त्याला थोरल्यांची एक पद्धत कारण होती. डबा तयार झाला की भर दुपारी तो उन्हात उभा करायचा. थोरले आत जात, स्टुलावर बसत, दार बाहेरून लावायला सांगत आणि दिवे बंद करवत. दारावर पाटी लटकायची : 'थोरले आत बसले आहेत'. डोळे काळोखाला सरावले की जिथे एखादा सांधा उघडा राहिला असेल तिथून उजेडाचा धागा आत उतरतो. आज उजेड आला तिथून उद्या धूळ येणार, दमट हवा येणार, आणि कोणाच्या तरी पगाराचा आणि प्रेमपत्रांचा निकाल लागणार. धागा दिसला तर थोरले बाहेर येऊन म्हणत, "परत." नाही दिसला तर, "जाऊ दे." यापलीकडे ते बोलत नसत.

जावई त्यांच्याच हाताखाली कामाला होता. त्याने स्वतः बांधून घेतलेल्या पहिल्या डब्यातून थोरले बाहेर आले ते "परत" म्हणतच. त्या दिवशी मात्र गिऱ्हाईक समोर होतं, म्हणून पुढेही बोलले.

"जावईबापू, डबा घाईत बांधलात. मुलगी दिली तेव्हा मीही घाईतच होतो म्हणा."

गिऱ्हाईक हसलं. मुलगीही हसली, आणि जावयाच्या लक्षात राहिलं ते तिचं हसणं. सुईच्या टोकाएवढ्या उजेडावर संसार मोडला. कागद नंतर झाले. जावयाने समोरची जागा घेतली आणि मुलगी वडिलांच्या कारखान्यात खुर्चीवर बसली. तिला सगळे ताई म्हणत. थोरले मॅडम म्हणत, आणि ते कौतुकाने नव्हे.

मग यंत्रांना विचार करायची हौस लागली. एकेका यंत्राला विचार करायला गावभर वीज आणि खोलीभर गारवा लागू लागला, आणि डब्यांना अशी मागणी आली की गिऱ्हाइकं रंग न विचारता आगाऊ पैसे देऊ लागली. ती एकच विचारत, कधी मिळेल. माजीने फाटकावर पाटी लावली : 'डबा बारा आठवड्यांत'. ताईंनी लावली, 'अकरा'. त्याने दहा. दोन्हीकडच्या पाट्या एकच रंगारी रंगवत असे. या धंद्यात खरी भरभराट कोणाची झाली असेल तर त्याची.

ताई आठावर आल्या तेव्हा माजी नऊवर अडला. त्याला समजेना की ही बाई आठवडे आणते कुठून.

ती ते थोरल्यांच्या डोळ्यांतून आणत होती.

थोरल्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं. पावलं पाठ होती, माणसं आवाजावरून ओळखू येत, सहीची जागा कारकून बोटाने दाखवी. एका सकाळी घरी त्यांनी किटलीतून चहा ओतला तो कपाच्या शेजारी. टेबलाशी बसलेल्या ताईंनी कप धारेखाली सरकवला.

"बाबा, डोळे दाखवायचे का एकदा?"

"माझ्या डोळ्यांना काय धाड भरलीय?"

ताईंनी पुन्हा विचारलं नाही. कारखान्यात जाऊन त्यांनी डब्यावर पाण्याचा फवारा मारून गळती बघायची चाचणी बंद केली. तपासनीस बिचकत म्हणाला, "ताई, मग गळती कळणार कशी?"

"थोरले बसतात ना."

"बसतात."

"मग त्यांच्यावर विश्वास नाही का तुमचा?"

तपासनिसाला दोन मुली होत्या आणि घराचे हप्ते होते. त्याचा विश्वास बसला. पुढे सांध्यांतलं सिलिकॉन वाळायला लागणारे दिवसही वाचवण्यात आले. थोरले आत बसत, काळोख बघत, आणि बाहेर येऊन "जाऊ दे" म्हणत. आपल्याला दिसत नाही हे ताईला ठाऊक नाही, अशी त्यांची समजूत होती. ती ताईंनी जिवापाड जपली. माहितीपत्रकावर त्यांचा स्टुलावरचा फोटो आला, खाली ओळ : 'यांच्या नजरेतून काही सुटत नाही.'

असं दोन वर्षं चाललं. मग एका दुपारी कारखान्याच्या फाटकात ट्रेलर आडवा उभा होता. थोरले त्याला वळसा घालून निघाले, वळसा थोडा जास्त झाला, रस्ता ओलांडला गेला आणि ते समोरच्या फाटकात शिरले. तिथल्या रखवालदाराने एकेकाळी त्यांची नोकरी केली होती. त्याने सवयीने सलाम ठोकला. थोरले ताठ मानेने पुढे गेले, हाताला लोखंड लागलं तिथे थांबले आणि म्हणाले, "स्टूल."

इतक्या अधिकाराने मागितलं की कोणीतरी आणून दिलं.

"दार लावा. दिवे."

दिवे बसायचेच होते. डबा अर्धवट होता, छताचे सांधे उघडे होते, भिंतीत केबलसाठी लिंबाएवढं भोक तसंच होतं. दार लागलं. कामगार गोळा झाले. कोणीतरी ऑफिसातून माजीला बोलावून आणलं. त्याने भोकाला डोळा लावला. आत सासरा स्टुलावर बसला होता आणि थेट त्याच्याकडेच बघत होता. माजीने डोळा बाजूला घेतला, उन्हाची तिरीप आत सोडली, पुन्हा लावला. म्हाताऱ्याची पापणी हलली नाही.

थोरले बाहेर आले. "जाऊ दे."

एक पोरगा फिस्सकन हसला. माजीने त्याच्याकडे पाहिलं तसा तो गप्प झाला.

"बाबा, हा आमचा डबा आहे."

थोरल्यांनी आवाज ओळखला. "माहीत आहे. म्हणूनच बघायला आलो. सुधारलात तुम्ही."

"काय दिसलं आत?"

"काही दिसलं नाही."

"तेच म्हणतोय मी."

मग माजीने त्यांना हाताला धरून ऑफिसात नेलं. रस्त्यापलीकडून कोणी पाहिलं असतं तर डोळ्यांत पाणी आलं असतं.

माजीला तोवर आठ आठवड्यांचा हिशेब उलगडला होता. गिऱ्हाइकांना सांगावं, की थोरले आंधळे आहेत? पण मग गिऱ्हाइकं विचारणार, तुमच्याकडे कोण बसतं? त्याच्याकडे कोणीच बसत नसे. आंधळा सासरा त्याच्या काही उपयोगाचा नव्हता. डोळस सासरा मात्र फार उपयोगाचा होता.

"तुमची मॅडम प्रदर्शनाला जाते तेव्हा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊ," तो म्हणाला. "आधी एक डोळा. खर्च माझा."

"का?"

"तुम्ही पुन्हा 'परत' म्हणायला लागलात की तिच्या आठ आठवड्यांचे बारा होतील."

"म्हणजे माझ्या पोरीला बुडवायला माझाच डोळा."

"हो."

थोरल्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "मग ठीक आहे. मला वाटलं, तुला माया आली की काय."

लेकीसमोर त्यांना 'दिसत नाही' हे दोन शब्द उच्चारावे लागले असते. इथे ते उच्चारून झाल्यासारखेच होते. त्यांनी उजवा डोळा करून घेतला. ताई प्रदर्शनातून परतल्या तेव्हा थोरल्यांनी काळा चष्मा लावला होता.

"डोळे आलेत," ते म्हणाले.

"जपा," ताई म्हणाल्या, आणि दोन हात लांब बसल्या.

चष्मा उतरला त्याच आठवड्यात मोठी ऑर्डर आली. चाळीस डबे. गिऱ्हाइकाच्या खरेदीच्या बाई दोन्ही कारखाने बघून गेल्या होत्या आणि त्यांचं मन ताईंकडे झुकलं होतं ते केवळ त्या स्टुलावरच्या फोटोमुळे. पहिला डबा पास होताना त्या स्वतः बघणार होत्या. पास झाला तर सगळी ऑर्डर या बाजूला, नाहीतर त्या बाजूला. आदल्या संध्याकाळी माजी फाटकाशी थोरल्यांना भेटला.

"एकच शब्द बोलायचाय," तो म्हणाला.

"मी दोनच शिकलोय," थोरले म्हणाले. "त्यातला कुठला, ते मला ठरवू दे."

दुपारी डबा उन्हात उभा राहिला. ताईंनी बाईंना छत्री धरली. माजी आपल्या फाटकात चहाचा ग्लास घेऊन उभा होता. थोरले आत गेले, दार लागलं, पाटी लटकली, दिवे बंद झाले.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, डॉक्टरने काहीतरी बिघडवलं. मग डोळा सरावला. डाव्या कोपऱ्यातून उजेडाची एक रेघ उतरत होती, छताच्या सांध्याला पाच-सहा ठिपके होते, केबल आत येते तिथे तर एक झगझगीत कडंच. दाराखालून पट्टी. त्या उजेडात त्यांना स्वतःच्या गुडघ्यावरचा हात दिसला. हातावर डाग पडले होते. असले डबे आपण दोन वर्षं पाठवले, हे त्यांना ठाऊक नव्हतं असं नाही. फक्त ते कधी दिसलं नव्हतं.

ते नेहमीपेक्षा जास्त वेळ बसले. बाहेर खरेदीच्या बाई म्हणाल्या, "किती बारकाईने बघतात ना."

"त्यांचा स्वभावच आहे," ताई म्हणाल्या.

दार उघडलं. थोरल्यांनी उंबऱ्याची लोखंडी पट्टी ओलांडली. चाचपली नाही, पायाने अंदाज घेतला नाही, सरळ ओलांडली. ते ताईंनी पाहिलं आणि त्यांच्या हातातली छत्री वाकडी झाली. बाईंच्या अर्ध्या अंगावर ऊन आलं. थोरल्यांनी मुलीकडे बघितलं. तिचे केस पांढरे झाले होते, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. तिच्या चेहऱ्यावर भीती होती आणि ती नवी नव्हती. तिच्यामागे, रस्त्यापलीकडे, माजीने चहाचा ग्लास ओठांशी नेऊन तसाच धरला होता.

"मग?" बाईंनी विचारलं.

"जाऊ दे," थोरले म्हणाले.

माजी संध्याकाळी फाटकाशी आला. आवाज शांत होता, पण ग्लास अजून हातातच होता.

"दिसलं नाही म्हणू नका."

"चांदणं पडलं होतं आत."

"मग?"

"परत म्हटलं असतं तर तू जिंकला असतास. शिवाय आधीचे डबे कोणी पाठवले, हे विचारायला सगळी गिऱ्हाइकं माझ्या दारात. आतापर्यंत 'दिसलं नाही' म्हणायला डोळे तरी होते. तू तेही काढून घेतलेस."

"मी डोळा दिला तुम्हाला."

"तेच म्हणतोय मी."

माजी शिकलेला माणूस होता, त्याला एकदाच समजावून सांगावं लागे. पुढच्या सोमवारी त्याने आपल्या एका चुलत्यांना मानाने घरातून आणलं. वय झालेलं, चेहरा भारदस्त, भिंतीला हात लावून चालत. त्यांच्यासाठी नवं स्टूल घेतलं. रंगाऱ्याने पाटी रंगवली : 'डबा सात आठवड्यांत. आमच्याकडेही वडीलधारे आत बसतात.' ताईंनी ती खिडकीतून वाचली आणि तपासनिसाला बोलावून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी ताईंनी चहा ओतला आणि कप टेबलाच्या कडेला, थोरल्यांच्या हातापासून लांब ठेवला. थोरल्यांनी हात लांब करून तो बरोबर कान धरून उचलला. मग त्यांच्या लक्षात आलं, पण तोवर घोट घेऊन झाला होता.

"कुठला केला?" ताईंनी विचारलं.

"उजवा."

"त्याने?"

"हो."

"दुसरा कधी?"

"डॉक्टर म्हणतो, पुढच्या महिन्यात करून टाका."

"पुढच्या महिन्यात ऑर्डर आहे, बाबा. आता समोर साताची पाटी लागलीय. मला सहावर यायचंय."

थोरले चहाकडे बघत राहिले. चहावर साय धरत होती. ती त्यांना दिसत होती.

"राहू दे मग दुसरा," ते म्हणाले.

"राहू दे." ताईंनी त्यांच्या बशीत दोन बिस्किटं ठेवली. "आणि आत बसाल तेव्हा उजवा मिटत जा. नवा आहे, उगाच ताण नको."

दुपारी पाटी लटकली. दार लागलं, दिवे बंद झाले. थोरल्यांनी उजवा डोळा मिटला. पापणीतूनही लालसर काहीतरी जाणवत राहिलं, म्हणून वरून तळहात दाबून धरला. बाहेर ड्रायव्हरने ट्रेलर आधीच चालू करून ठेवला होता.