माझा भुसभुशीत कोपरा

मी विद्यापीठाच्या समाजसेवा विभागातला फलक बोलतोय. अंगावर टाचण्यांची इतकी भोकं आहेत, की चाळणीनंही मला थोरला भाऊ म्हणावं. पण सव्वीस वर्षांत हजारो मुलं माझ्या अंगावरून कामाला लागली. त्याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही.

इथे पदवीसाठी प्रत्येकाला साठ तास सेवा करावीच लागते. आमच्या मॅडम एकेकाशी बोलतात, मग त्याच्या नावाची चिठ्ठी माझ्यावर एखाद्या कामाखाली टोचतात. माझं दुखणं एकच. डावा कोपरा भुसभुशीत, तिथे टाचणी टिकत नाही.

एका वर्षी बोलताना अडखळणारी एक मुलगी आली. "मॅडम, जि-जिथे बोलावं लागणार नाही, तिथे पाठवा," एवढं सांगताना तिला घाम फुटला. मॅडमनी तिची चिठ्ठी ग्रंथालयातल्या पुस्तक-दुरुस्तीखाली लावली. नेमकी माझ्या डाव्या कोपऱ्यात!

दुपारी पंखा सुरू झाला आणि चिठ्ठी जमिनीवर. शिपाईकाकांनी ती उचलली आणि शेजारी रिकामी जागा दिसली तिथे टोचली. ते काम होतं वृद्धाश्रमात नजर गेलेल्या आजींना कादंबरी वाचून दाखवण्याचं. मुलगी आली, माझ्यावरची चिठ्ठी वाचून पांढरीफटक पडली आणि मुकाट्यानं निघून गेली. तक्रार करायची, तर तिथेही बोलणं आलंच की!

दहा दिवसांनी यादी तपासताना मॅडमनी कपाळावर हात मारला. "अहो काका, काय केलंत हे! पोरीचे हाल झाले असतील." तिला लगेच बोलावलं. मी तर शरमेनं मेल्यासारखा झालो. चूक काकांची दिसत होती, पण कोपरा माझा होता.

मॅडम चिठ्ठी काढणार, तोच मुलीनं त्या चिठ्ठीवर हात ठेवला.

"रा-राहू द्या, मॅडम. आजींची कादंबरी अर्धी राहिलीय."

"अगं, पण तुला त्रास..."

"मी अडले की आजी पुढचा शब्द ओळखतात. चुकल्या की खूप ह-हसतात. म्हणतात, घाई करू नकोस, मजा जाते."

काकांनी डोळे पुसले. मॅडमनी टाचणी पुन्हा खोल दाबली, आणि खरं सांगतो, मला ती टोचली नाही.

आता सगळी कामं संगणकावर वाटली जातात. चुका होत नाहीत म्हणे. परवा नवे साहेब मला उतरवायला निघाले होते. उतरवा बापडे. फक्त त्या मुलीची ती पिवळी पडलेली चिठ्ठी काढू नका. चिठ्ठीवरचे साठ तास खोडून मॅडमनी स्वतःच्या हातानं लिहून ठेवलंय, "एकशे चाळीस. अजून जाते."