गिझेलामावशीची दुलई

मुलांनो, असं समजा, की भर उन्हाळ्यात तुम्ही एका बंद स्वयंपाकघरात उभे आहात. खिडक्या लावलेल्या, दार लावलेलं, चूलही विझवलेली. जमिनीवर एक मोठी दुलई पसरलीय आणि तिच्याशेजारी गिझेलामावशी कात्री घेऊन गुडघ्यांवर बसलीय. तुमचं नाक हुळहुळतंय. पण शिंकायची सोय नाही, कारण खोळ उसवलेली असताना कुणी शिंकलं, तर पिसं पार छताला जाऊन चिकटतात.

"आलीच तर काय करू?" लुब्कानं विचारलं. लुब्का म्हणजे गिझेलाच्या धाकट्या बहिणीची, मेलानियाची मुलगी. सुट्टीसाठी शहरातून आजोळी आली होती.

"गिळायची."

"शिंक गिळता येते?"

"मी काय काय गिळलंय! शिंकेचं काय घेऊन बसलीस?"

आतल्या खोलीतून म्हातारीचा, म्हणजे गिझेलाच्या आईचा आवाज आला, "उसवू नकोस गं! नुसतं ऊन दाखव. माझ्या हातचे टाके आहेत ते."

"कुबट वास मारतोय, आई. अशीच घेऊन जाऊ का सिरिलच्या घरी?"

आमच्या गावात नवरीच्या आधी तिचं अंथरूण सासरी जातं. उघड्या गाडीवरून, सगळ्या गावासमोरून. दारादारांत बायका उभ्या असतात, गाडी थांबवतात आणि दुलईत कोपरापर्यंत हात खुपसतात. हात अलगद बुडाला तर मान डोलावतात. नाही बुडाला तर काही बोलत नाहीत, पण ते न बोलणं त्या नवरीला जन्मभर ऐकू येतं.

या दुलईसाठी गिझेलानं लहानपणापासून हंस राखले होते. ओढ्याकाठी, अनवाणी, हातात काठी घेऊन. हिवाळ्यात शेजारणींबरोबर बसून एकेका पिसाची मऊ बाजू दांड्यापासून सोलली होती. हंसाच्या छातीची लव तर तिनं वेगळ्या पिशवीत जपली होती. दुलई भरली आणि शिवली मात्र आईनं. आणि पेटीत ठेवताना बजावलं, "नवरीनं आपल्या अंथरुणाला लग्नाआधी हात लावायचा नसतो."

गिझेलानं नाही लावला. आई दर उन्हाळ्यात दुलई कुंपणावर टाकायची आणि गिझेला लांबून बघायची. मग वडील गेले. मेलानियाचं लग्न झालं, ती शहरात गेली. आई अंथरुणाला खिळली आणि दुलई पेटीतच राहिली. गिझेलाचे केस पांढरे व्हायला लागले, तेव्हा कुठे रेल्वे फाटकावरचा विधुर सिरिल कुंपणाशी सायकल टेकवून म्हणाला, "फाटक मी एकटाच लावतो, एकटाच उघडतो. तुम्ही आलात तर निदान भांडायला कुणीतरी होईल." एवढंच त्याचं मागणं. म्हातारीसाठी त्यानं एक खोली रंगवूनही ठेवली. सुगीनंतर लग्न ठरलं.

पेटीतून काढताना दुलई जड लागली होती. दमट झाली असेल, असं गिझेलाला वाटलं.

शेवटचा टाका सुटला. तिनं आत हात घातला आणि तो तसाच राहिला. मग तिनं मूठ बाहेर काढून उघडली. तपकिरी, ठिपक्याठिपक्यांची, टोचऱ्या दांड्यांची पिसं. तिनं दुसरा कोपरा उसवला. तिथेही तीच.

"ही कोंबडीची आहेत," लुब्का म्हणाली.

"हो."

"आमच्याकडे अशी नाहीत. आईची दुलई नुसती फुंकर मारली तरी हलते. आजीनं दिलीय तिला लग्नात."

गिझेला उठली. मूठ घट्ट मिटून आत गेली. लुब्का दाराशी उभी राहिली.

म्हातारीनं मुठीकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. "मेलानियाला शहरात द्यायचं होतं. ती माणसं नाकं मुरडणारी. त्या वर्षी हंस रोगानं मेले, नवीन लव आणू कुठून?"

"आणि माझी?"

"तू कुठे जाणार होतीस?"

"तेव्हा मी विशीत होते, आई."

"आईला कळतं, कोण जाणार नि कोण राहणार ते."

"कळलं नव्हतं तुला. तू ठरवलं होतंस."

म्हातारी भिंतीचा पोपडा नखानं खरवडत राहिली. मग म्हणाली, "रिकामी तर नाही ना ठेवली? भरली मी परत." आणि जरा थांबून, "दुपारी लसणाचं सूप करणार आहेस का?"

गिझेलानं सूप केलं. मग ती पिसं तिनं पातळ कापडाच्या पिशव्यांत भरली आणि पावसाच्या साठवलेल्या पाण्यात साबण किसून धुवायला घेतली.

"आता कशाला धुतेस?" लुब्कानं विचारलं.

"उसवलंय ना."

ती पिशव्या दाबत होती, पिळत नव्हती. पाणी गढूळ झालं की बदलत होती. मग उन्हात चादर अंथरून पिसं पसरली, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून वरून विरविरीत कापड टाकलं. दोघी दिवसभर ती वरखाली करत, ओले गोळे बोटांनी मोकळे करत. हंसाची लव वाळत आली की भिजवलेल्या पिठासारखी फुगून वर येते. ही काही फुगली नाहीत. नुसती वाळली.

शेजारीण कुंपणावरून वाकली. "लग्नाची वाटतं, गिझा?"

"घरची," गिझेला म्हणाली.

संध्याकाळी सिरिल आला. पिसं बघून त्याला कळलं. "मला कसली दुलई लागतेय? माझ्याकडे दोन घोंगड्या आहेत."

"तुम्हाला नको, ठाऊक आहे मला. मला हवी होती."

तो टोपी हातात फिरवत उभा राहिला. "लोक काय, चार दिवस बोलतील."

"गाडीची वेळ झाली तुमच्या. फाटक लावा जाऊन."

पिसांचे दांडे बाहेर येऊ नयेत म्हणून खोळीला आतून मेण घासून गिझेलानं दुलई पुन्हा भरली, शिवली आणि आईच्या अंगाखाली घातली. म्हातारी ओरडायला लागली. कोंबडीच्या पिसांवर माणसाचा जीव लवकर सुटत नाही, असं आमच्याकडे मानतात.

"काढ ही! यावर मला मरण यायचं नाही!"

"मग घाई करू नकोस," गिझेला चादरीची सुरकुती काढत म्हणाली. "मीही इथेच आहे. कुठे जाणार नाही."

सुट्टी संपली. मेलानिया लुब्काला न्यायला आली. आईजवळ बसताना तिनं दुलई चाचपली आणि हसली. "ताई, दगड भरलेस की काय यात?"

"होतं ते भरलं," गिझेला म्हणाली आणि वाटेत खायला दिलेले आलुबुखारे पिशवीत नीट लावत राहिली.

लुब्का बसमध्ये पिशवी मांडीवर धरून बसली. एक आलुबुखारासुद्धा तिनं खाल्ला नाही.

दुसऱ्या दिवशी मेलानिया कामावर गेल्यावर लुब्कानं घराच्या खिडक्या लावल्या. दार लावलं. आईच्या पलंगावरची दुलई ओढून जमिनीवर पसरली, मावशीची आलुबुखाऱ्यांची पिशवी रिकामी करून शेजारी ठेवली, शिवणाच्या टोपलीतली कात्री घेतली आणि गुडघ्यांवर बसून पहिला टाका उसवला. नाक हुळहुळलं.

शिंक आली. ती तिनं गिळली, आणि दुसऱ्या टाक्याला कात्री लावली.