एका रेघेनं खोडलेली ओळ

आईचं परिचयपत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा माझी छाती फुगली. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा त्यातली खोडलेली ओळ दिसली.

आई हवाई दलात मोठी अधिकारी आहे. विमान उडवत नाही, हे आधीच सांगून टाकते, नाहीतर लोक म्हणतात, एखादी गिरकी मारून दाखव म्हणावं. सुरुवातीला ती रडारवर होती, मग उपग्रहांवर नजर ठेवणाऱ्या केंद्राची मुख्य झाली, आणि आता अख्ख्या अंतराळ विभागाची प्रमुख होणार होती. त्यांच्याकडे पद्धत अशी की पदभार घेणाऱ्याचं परिचयपत्र, म्हणजे आजवरच्या कामगिरीचा कागद, घरच्याच कुणीतरी माइकवर वाचायचं.

"मी वाचलं तर पहिल्या रांगेत घोरतील," बाबा म्हणाले. "भोंग्याला द्या."

भोंगा म्हणजे मी. मागच्या वर्षीपर्यंत हजेरी देतानाही मला घाम फुटायचा. आता वक्तृत्वाचा करंडक दिवाणखान्यात आहे आणि माझा आवाज शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरापर्यंत जातो. तक्रार त्यांचीच आहे.

तर मी सरावासाठी आईच्या टेबलावरून परिचयपत्राचा कच्चा कागद उचलला. त्यात लिहिलं होतं, 'स्वतःच्या प्रसंगावधानाने धोका ओळखून त्यांनी उपग्रह वाचवला.' त्याच्या आधीची एक ओळ खोडलेली होती. एकच सरळ रेघ, बाजूला आईची छोटी सही. खालची अक्षरं स्वच्छ दिसत होती: 'हा धोका सर्वप्रथम पाळीवरील ऑपरेटरच्या लक्षात आला.'

केंद्रातला नियमच आहे तो. नोंदवहीत पेनानं लिहायचं, चुकलं तर एक रेघ मारून सही करायची, गिरगटायचं नाही. आईनं तो नियम माझ्या गणिताच्या वहीतही आणला. चौथीत मी एक उत्तर काळंकुट्ट करून टाकलं, तर तिनं अख्खं पान परत लिहायला लावलं. "लपवलंस तर पुढच्या पाळीवरचा माणूस आंधळा होतो," म्हणाली.

आणि उपग्रह वाचला त्या रविवारचं मला सगळं आठवत होतं. आम्ही जेवत होतो. केंद्रातून आईच्या मोबाइलवर तीनदा फोन आला. पाळीवर घुबड होती. जाड चष्म्यामुळे तिला सगळे तेच म्हणतात, ती स्वतःसुद्धा. एका मेलेल्या उपग्रहाचा तुकडा आपल्या उपग्रहाच्या वाटेत येतोय, असं तिचं म्हणणं होतं. आई तिन्ही वेळा एकच म्हणाली, "कॉम्प्युटर हिरवा दाखवतोय ना? मग जेवू दे मला," आणि मोबाइल बंद केला. चौथ्यांदा घरचा फोन वाजला. तो मी उचलला.

"बाळा, आईला दे," घुबड म्हणाली. "कॉम्प्युटर कालच्या आकड्यांवर चाललाय. चाळीस मिनिटांत उपग्रह हलवला नाही तर गेला."

आई खरकट्या हातानं गाडीत बसली. उपग्रह वाचला.

मी कागद घेऊन आतल्या खोलीत गेले. आई बुटांना पॉलिश करत होती.

"ही ओळ तू खोडलीस?"

"माझ्या वरच्या साहेबांनी सुचवलं."

"सही तुझी आहे."

ब्रश थांबला. "ती ओळ राहिली तर पहिला प्रश्न येईल, तिला चार फोन का करावे लागले? एका दुपारसाठी सव्वीस वर्षं पणाला लावू?"

"आणि घुबड?"

"बदली होतेय. सुट्या भागांच्या गोदामात. घरच्या फोनवर कामाचं बोलली, नियम मोडला."

"बोलली नसती तर?"

ती परत ब्रश घासायला लागली. त्या पॉलिशचा वास मला अजून सहन होत नाही. ज्या बाईनं मला पान परत लिहायला लावलं, तिची मला चक्क किळस आली.

समारंभाच्या दिवशी सभागृहात अत्तर नुसतं घमघमत होतं. साहेबांनी ओलसर पंजानं माझा गाल थोपटला. "वा, छोट्या मॅडम! घाबरायचं नाही हं!" मी रुमालानं गाल पुसला, त्यांच्यासमोरच.

माइकजवळ टाईप केलेला स्वच्छ कागद होता. मी तो वाचत गेले. रडार, प्रशिक्षण, केंद्र. मग उपग्रह आला आणि मी खिशातून कच्चा कागद काढला.

"इथं एक ओळ खोडलेली आहे," मी म्हणाले. "केंद्रात खोडलेलंही वाचता आलं पाहिजे, असं मला घरी शिकवलंय. म्हणून वाचते." आणि वाचली. पार शेवटच्या खुर्चीपर्यंत. "चौथा फोन मी उचलला होता."

कुणीतरी खोकलं. बाबा छताकडे बघत बसले. आई उठली, माइकशी आली.

"नोंद बरोबर आहे," ती म्हणाली. "पहिले तीन मी उचलले होते."

मला वाटलं, आता साहेब फाडून खाणार. तर ते उठून टाळ्या वाजवायला लागले! "पाहिलंत? चूक मान्य करायला असं मोठं मन लागतं! हेच नेतृत्व!" मग सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. आईसाठी. घुबडीचं कौतुकही आईलाच, आणि चुकीचंही आईलाच!

बाहेर लोक केक खात होते. मी तडक आईच्या नव्या खोलीत गेले. कारकुनानं सह्यांची फाईल उघडून ठेवली होती. दुसराच कागद घुबडीच्या बदलीचा होता, खाली साहेबांची सही.

"प्रमुख झालीस ना आता?" मी पेन पुढे केलं. "मग मार रेघ."

"साहेब विचारतील."

"विचारू देत. टाळ्या वाजवल्यात त्यांनी."

आईनं पेन घेतलं. मग तिनं बदलीवर एक रेघ मारली आणि बाजूला सही केली. या वेळी रेघ वाकडी गेली.

"हे तू स्वतः नेऊन दे तिला," मी म्हणाले. "फोन नको करूस."

ती टोपी उचलून गेली. मी केक खाल्ला नाही.