अर्धी मिशी

मुलाची अर्धी मिशी गेल्याचं कळलं, तेव्हा न्हावी निवृत्त मास्तरांच्या गालांना साबण लावत होता. मुलगा तोंडावर रुमाल धरून दारात उभा राहिला.

"दाढ काढली की काय?" मास्तरांनी विचारलं.

मुलाने रुमाल खाली घेतला. पंधराव्या वर्षी फुटलेली मऊ मिशी उजवीकडे जागेवर होती. डावीकडे काहीच नव्हतं.

न्हाव्याने हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. काम सफाईदार, एक ओरखडा नाही. असा हात गल्लीत आणखी एकाचाच होता. समोरच्या दुकानातल्या मुलाच्या मामाचा.

"त्याच्याकडे गेलास?"

"तुम्ही वर्षभर पुढच्या रविवारी काढू म्हणताय. शाळेत मला झाडू म्हणतात."

"म्हणून अर्धीच?"

"तो पुरी करत होता. मीच उठून आलो."

न्हाव्याचं आणि या मेहुण्याचं पूर्वी एकच दुकान होतं, दोन खुर्च्यांचं. न्हाव्याची बायको गेली त्या दिवशी मेहुणा चारचौघांत म्हणाला, "ताईला आठ दिवस आधी दवाखान्यात न्यायचं होतं." तेव्हापासून बोलणं बंद. तिचं स्टूल अजून कोपऱ्यात होतं. पोराच्या पहिल्या दाढीला आरसा मी धरणार, असं ती त्यावर बसून म्हणायची.

"बस खुर्चीत. उरलेली काढतो."

"मामा इथे आला की बसतो."

"मग हिंड तसाच!"

तो हिंडला. शाळेत, वाण्याकडे, बसथांब्यावर. "कोणाचं रे हे काम?" असं कोणी विचारलं की दोन्ही दुकानांकडे बोट दाखवायचा. दुसऱ्या दिवशी दोघांचीही गिऱ्हाइकं बसायच्या आधी चौकशी करू लागली. मास्तर तर खुर्चीत टेकता टेकता म्हणाले, "दोन्ही गाल माझेच आहेत हं."

तिसऱ्या सकाळी मामा रस्ता ओलांडून आला. हातात वस्तरा. उंबऱ्याबाहेरच थांबला.

"नाक कापलं पोराने," तो कोणाकडेही न बघता म्हणाला.

"नाक शाबूत आहे," मास्तर म्हणाले. "मिशीचं बघा."

न्हाव्याने स्टूल ओढून घेतलं, फडक्याने पुसलं. मुलगा न सांगता खुर्चीत बसला.

"वस्तरा ठेव बाजूला," न्हावी मेहुण्याला म्हणाला. "इथे आहेत. आरसा धर."

मामा स्टुलावर बसला. आरसा हलायला लागला.

"नीट धर की."

"तुम्ही आधी वस्तरा नीट धरा, भावजी."

मुलाने डोळे घट्ट मिटून घेतले. वस्तरा चार वेळा फिरला आणि उरलेली मिशी गेली. ओठाच्या कडेला जरासं कापलं, तुरटी दोघांनीही एकदमच उचलली.

मामाने आरसा खाली ठेवला, पण उठला नाही. मास्तरांची दाढी त्या दिवशी त्यानेच केली.

दवाखान्याचं कोणी काढलं नाही. ते बोलायचं राहिलंच आहे.